कागद हवा, मी नको

आप्पा,



तुमचा निरोप पोहोचला. तुमच्या पुतण्याने एक शब्द न गाळता सांगितला. फार्मसी कौन्सिलचं ओरिजिनल सर्टिफिकेट, आधारकार्ड, दोन फोटो आणि सही केलेलं संमतिपत्र एवढं द्यायचं. महिन्याच्या महिन्याला पैसे खात्यात जमा होतील. दुकानात यायची गरज नाही. मी भाबडेपणाने विचारलं, "लायसन्सचं काम होईपर्यंत ना? नंतर तर यायचंच ना?" तो हसला. म्हणाला, "ताई, तू कसाले उभी ऱ्हास? आपला माणसं शेतस ना दुकानवर."

तुम्हाला घरी येऊन उत्तर देता आलं असतं. शिरपूर काही मोठं नाही. पण असाच निरोप माझ्या वर्गातल्या अनेक मुलींना आला आहे. कोणाला धुळ्याहून, कोणाला चोपड्याहून, एकीला तर नवऱ्यामार्फत. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. तुमचं नाव त्यात नाही, दुकानाचंही नाही. ज्याला लागेल त्याने आपलं समजावं.

दुसऱ्या कोणी असा निरोप पाठवला असता तर एवढं लागलं नसतं. डी.फार्म झाल्यावर पाचशे तासांचं प्रशिक्षण असतं, आणि त्यातले निदान निम्मे तास डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं प्रत्यक्ष देण्यात जावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते प्रशिक्षण मी तुमच्याच दुकानात केलं. पुष्कळ मुलं पहिल्या दिवशी येतात, पेढे देतात आणि शेवटच्या दिवशी सही-शिक्का घेऊन जातात. मी उभी राहिले. दुपारी गर्दी ओसरली की तुम्ही मला शेल्फ लावायला शिकवलंत: जुनी एक्सपायरी पुढे, नवी मागे, आणि दिसायला सारखी असणारी पाकिटं कधीही शेजारी ठेवायची नाहीत. डॉक्टरांची अक्षरं वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. आल्यागेल्याला सांगायचात, "ही पोर चिठ्ठी दोनदा वाचते." कौन्सिलमध्ये माझी नोंदणी झाली तेव्हा आमच्या घरी आलेला पहिला फोन तुमचा होता. आता समजतं आहे की तो फोन चिठ्ठी दोनदा वाचणाऱ्या पोरीला नव्हता. तिच्या नोंदणी क्रमांकाला होता.

तो क्रमांक कुठून आला हे जरा सांगू द्या, कारण तुमच्या पुतण्याला तो रेशनकार्डासारखा वाटतो.

शंभर वर्षांपूर्वी या देशात कोणीही काहीही औषध म्हणून विकू शकत होतं. बनावट क्विनीनच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. औषधांवर नियंत्रण हवं आणि ती देणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचीही काही अट हवी, असं तिने पुढच्याच वर्षी सांगितलं. औषधांचा कायदा व्हायला १९४० उजाडलं, फार्मसीचा १९४८ मध्ये झाला. त्या कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी बनवू नये, मिसळू नये, देऊ नये. मूळ शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड अशी होती. हजार रुपये म्हणजे तुमच्या दुकानातली दिवाळीची एक स्कीम! २०२३ च्या जनविश्वास कायद्याने कैद तीन महिन्यांवर आणली, पण दंड दोन लाखांपर्यंत नेला. गेल्या वर्षा-दोन वर्षांत अचानक आमच्या सर्टिफिकेटांना एवढा भाव का आला, हे मला त्या आकड्यावरून उमगलं.

१९४५ च्या नियमांत मात्र थोडी सवलत आहे. नियम ६५ म्हणतो की चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टने स्वतः द्यावं किंवा त्याने जातीने केलेल्या देखरेखीखाली दिलं जावं. या देखरेखीच्या आधारावर देशातल्या लाखो मेडिकलचे काउंटर चालतात. तुमच्याकडचे थोरले दादा, काउंटरवरचे ते दोन भाऊ आणि सुट्टीत येणारा तुमचा भाचा हे सगळे कायद्याच्या दृष्टीने माझ्या देखरेखीखाली उभे राहणार होते. मी दुकानात नाही, गावात असेन की नाही तेही ठाऊक नाही, उद्या लग्न होऊन सुरतेला गेले तरी भिंतीवर माझा फोटो तसाच. मग देखरेख कोण करणार, आप्पा? फोटो?

भिंतीवरच्या त्या फ्रेमवर हार घालायचा तेवढा बाकी ठेवला आहे तुम्ही.

दादांविषयी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. माझं भांडण त्यांच्याशी नाही. ते दहावी नापास आहेत आणि मला त्यांच्याइतकी ब्रँडची नावं आजही पाठ नाहीत. कोणत्या गोळीला कोणता पर्याय, कोणत्या स्टॉकिस्टकडे कोणता माल तुटला आहे, कोणत्या डॉक्टरची कोणती सवय, सगळं त्यांच्या जिभेवर असतं. पण त्यांना हे कोणी शिकवलं नाही. त्यांनी ते पाहून-पाहून उचललं आणि जे दिसलं नाही ते त्यांना माहीत नाही. एकदा एका म्हातारबाबांच्या चिठ्ठीवर संधिवाताची मेथोट्रेक्सेटची गोळी होती. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्त तयार होणं बंद पडतं आणि माणूस जातो. दादांनी पाकिटावर सवयीने "रोज एक, जेवणानंतर" लिहिलं, कारण बाकीच्या सगळ्या पाकिटांवर तेच लिहायचं असतं. मी शेजारी होते म्हणून पाकीट परत घेतलं आणि 'फक्त रविवारी' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. दादा रागावले नाहीत. उलट मला म्हणाले, "मले कोनी सांगंच नही ना." त्यांचं हे वाक्य मला तुमच्या निरोपाइतकंच लागलं.

कायद्याची गंमत अशी की दादांसारख्या माणसांना एके काळी त्यात जागा होती. १९४८ च्या कायद्याने फार्मासिस्टांची पहिली नोंदवही उघडली तेव्हा पदविका-पदवीवाल्यांबरोबरच दवाखान्यात किंवा औषधं देण्याच्या ठिकाणी किमान पाच वर्षं औषधं बनवलेल्या माणसालाही नाव घालता येत होतं. पुढे १९६९ अखेरपर्यंत औषध प्रशासनाने 'पात्र व्यक्ती' म्हणून मान्यता दिलेल्यांना १९७६ च्या दुरुस्तीने नोंदवहीत आणलं. मग तो दरवाजा बंद झाला. तो बंद व्हायलाच हवा होता, मी त्याच्या बाजूचीच आहे. औषधं आता मिक्श्चरच्या बाटल्यांची राहिली नाहीत. पण दरवाजा बंद करताना खिडकी ठेवायला हवी होती, ती कोणी ठेवली नाही. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणाऱ्या टेक्निशियनचीही वेगळी नोंदणी असते आणि २०११ पासून ती सक्तीची आहे. आपल्याकडे दोनच जाती: एक नोंदणीकृत आणि दुसरा कोणीच नाही. दादा त्या दुसऱ्या जातीत आयुष्य घालवत आहेत. इन्स्पेक्टरची गाडी आली की तुम्ही त्यांना मागच्या गोडाऊनमध्ये पाठवता. केस पिकलेल्या माणसाला लपायला लावताना तुम्हाला काही वाटत नसेल तर मला कागद मागताना काय वाटणार!

आता तुमची बाजू. ती मला माहीत नाही असं समजू नका. तुमच्या गल्ल्याशेजारी बसून मी ती ऐकली आहे.

दुकान सकाळी नऊला उघडतं, रात्री दहा-साडेदहाला बंद होतं. एक फार्मासिस्ट एवढा वेळ उभा राहू शकत नाही, दोन ठेवायचे तर पगार दोन. किंमत नियंत्रणातल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन २०१३ च्या आदेशाने १६ टक्के ठरलेलं. त्यातून ग्राहक दारात पाय ठेवतानाच "डिस्काउंट किती?" विचारतो, कारण समोरच्याने दहा टक्क्यांची पाटी लावली आहे. मोबाइलवर कंपन्या याहून जास्त सूट देऊन औषधं घरी पोचवतात. त्यांच्याविरुद्ध तुम्ही लोकांनी २०१५ मध्ये, २०१७ मध्ये, २०१८ मध्ये देशभर बंद पाळला. त्या बंदमध्ये तुमचं म्हणणं काय होतं ते मला चांगलं आठवतं, तेव्हा मी शाळेत होते आणि तुम्ही वर्तमानपत्रातली बातमी माझ्या वडिलांना वाचून दाखवली होती. ऑनलाइनवाल्यांकडे औषध देताना समोर फार्मासिस्ट नसतो, रुग्णाला समजावून सांगायला कोणी नसतं, चिठ्ठी खरी की खोटी हे कोण तपासणार? बरोबर बोलत होतात. अगदी बरोबर. मग शिरपुरात तुमच्या काउंटरवर समोर कोण असतं?

२०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते आणि त्यांनी फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांविरुद्ध मोहीम उघडली. लायसन्स निलंबित होऊ लागली, राज्यभर दुकानदार खवळले, बंद झाले, आठच तास दुकान उघडं ठेवू अशा धमक्या झाल्या. तुम्ही आजही त्या काळाची गोष्ट सांगताना "त्या साहेबांनी फार छळलं" म्हणता. मी ती गोष्ट दुसऱ्या टोकाकडून ऐकते. त्या एकदोन वर्षांत फार्मसी शिकलेल्या मुलांना खरोखर बोलावणं येऊ लागलं होतं. या, बसा, एप्रन घाला. साहेबांची बदली झाली, मोहीम थंडावली आणि सर्टिफिकेटं पुन्हा भिंतीवर एकटी राहिली.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय बोललं. सरकारी दवाखान्यांत नोंदणी नसलेले लोक औषधं वाटतात अशी तक्रार होती आणि पाटण्याच्या उच्च न्यायालयाने ती फारसं न बघता निकालात काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि फार्मासिस्टशिवाय औषधं देणं हा लोकांच्या आरोग्याशी खेळ आहे, तो चालू देता येणार नाही, अशा अर्थाचं सुनावलं. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर तो निकाल फिरला तेव्हा मुली नाचल्या होत्या. आता आपल्याला कोणी घरी बसवणार नाही!

आपल्या शिरपुरात करवंद नाक्याकडे १९९२ पासून फार्मसीचं कॉलेज उभं आहे. तिथून निघालेली मुलं अंकलेश्वर, वापी, नाशिक, हैदराबादच्या कंपन्यांत पोचली, काही परदेशात गेली. शिवाय बोराडीला कॉलेज, चोपड्याला, शहाद्याला, फैजपूरला. खानदेशाने कापूस पिकवावा तसे फार्मासिस्ट पिकवले. बाहेरगावचं कोणी विचारलं की शिरपूर म्हणजे काय, तर आपण पाण्याचा शिरपूर पॅटर्न सांगतो, सोन्याची रिफायनरी सांगतो आणि छाती फुगवून फार्मसी सांगतो. अशा गावातल्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट शोधावा लागतो! फार्मासिस्ट कमी आहेत हे कारण दुसऱ्या कुठल्या तालुक्यात चालेल. इथे कृपा करून सांगू नका.

मुलींच्या बाबतीत तर ही चाल फार सोयीची पडते. मुलगा असला तर तो म्हणेल, मला स्वतःचं मेडिकल टाकायचं आहे, सर्टिफिकेट मोकळं पाहिजे. मुलीला कोण विचारतं? आईबापाला वाटतं, बरं झालं, उन्हात जायला नको, रात्री यायला नको, घरबसल्या पैसे. सासरी तर सर्टिफिकेट लग्नाच्या बोलणीतच येतं. "मुलीचं डी.फार्म आहे ना? मग भावकीतलं मेडिकल आहे, तिथे लावू." माझ्या एका मैत्रिणीचं सर्टिफिकेट तिच्या आधी सासरी गेलं. ती आता स्वयंपाक करते आणि तिच्या नावाने रोज शेकडो पाकिटं विकली जातात. घरी बसायचे पैसे आणि दिवसभर उभं राहायचा पगार यांत एवढा थोडा फरक तुम्ही ठेवता की उभी राहणारी मूर्ख ठरते.

आणि धोका कोणाचा? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनुसार मी दुकानात न येता सर्टिफिकेट तिथे लावू दिलं तर तो माझा गैरवर्तनाचा दोष आहे, कौन्सिल माझं नाव नोंदवहीतून काढू शकतं. तुमचं लायसन्स काही दिवस निलंबित होईल, दंड भराल, पुन्हा उघडाल. माझी दोन वर्षांची पदविका, परीक्षा आणि वडिलांनी कापसाच्या पट्टीतून भरलेली फी, सगळं त्या एका फ्रेमसोबत जाईल. 'कुत्ता गोळी'ची एखादी धाड पडली तर? मालेगाव-धुळ्याच्या पट्ट्यात अल्प्राझोलामला पोरं काय नाव देतात ते तुम्हाला सांगायला नको. ती एच-वन यादीतली गोळी आहे. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. त्या रजिस्टरवर सही माझी हवी, म्हणजे माझ्या नावाची कोणीतरी केलेली. पोलीस दारात आले की त्यांना दादा दिसणार नाहीत. ते फोटोवरचा चेहरा शोधत आमच्या घरी येतील.

तुमचा पुतण्या विचारत होता ना, मी उभी राहून करणार काय. गोळ्या काढून देणं तर कोणीही करतं.

बोराडीच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा बाया येतात. मुलाला जुलाब. डॉक्टरने ओआरएसची पाकिटं लिहिलेली. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं असतं, आणि ती बाई घरी जाऊन चमचाभर पावडर पेल्यात कालवणार, कारण पाकीट महाग वाटतं आणि पुरवायचं असतं. तिला रिकामी लिटरची बाटली दाखवून सांगावं लागतं. अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपमध्ये खुणेपर्यंतच उकळून गार केलेलं पाणी घालायचं, बाटली उघडल्यावर आठवड्याने उरलेलं फेकायचं. लोक ते पुढच्या तापासाठी ठेवतात. तान्ह्या मुलांच्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत औषध सिरपपेक्षा कितीतरी घट्ट असतं. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर मुलाच्या लिव्हरवर बेततं. दम्याच्या मशीनमध्ये घालायच्या कॅप्सूल तुमच्याकडून पाण्यासोबत गिळायला घेऊन जाणारे बाबा मी पाहिले आहेत. मशीन कोणी दाखवलंच नव्हतं. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू प्यायली तर काय होतं हे मोहाच्या हंगामात सांगायलाच हवं, आणि ते बाईसमोर नाही, बाप्याला बाजूला घेऊन. स्ट्रिप कापताना एक्सपायरीची कड आपल्याकडे ठेवावी, गिऱ्हाइकाला देऊन टाकू नये. मे महिन्यात पारा ४४ वर जातो, तेव्हा फ्रिजचा प्लग रात्री काढून इन्सुलिन उकडवायचं नसतं. वीजबिलाची बचत म्हणून तो काढला जातो हे आपण दोघेही जाणतो.

यातल्या प्रत्येक गोष्टीला दोन-तीन मिनिटं लागतात. गर्दीच्या वेळी तुम्हाला ती मिनिटं जड होतात, हेही मला कळतं. पण आप्पा, औषधाच्या दुकानाला किराण्यापेक्षा वेगळं लायसन्स लागतं ते याच दोन-तीन मिनिटांसाठी.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्याकडे, परासिया भागात, खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' सिरपने मुलं दगावली. वीसहून अधिक. किडन्या निकामी झाल्या. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. तुम्ही त्या दिवशी दुकानात म्हणालात, "यात मेडिकलवाल्याचा काय दोष? कंपनीने विष घातलं." विष ओळखता येत नाही हे खरं. मलाही ओळखता आलं नसतं. पण त्या सिरपमधलं मिश्रण, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापा, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता. दगावलेल्यांत बरीच मुलं त्या वयाची होती. काउंटरवर हे ठाऊक असलेलं कोणी असतं आणि "बाळ किती महिन्यांचं?" एवढं त्याने विचारलं असतं, तर काही बाटल्या तरी शेल्फवर राहिल्या असत्या. आणि विष सापडल्यावर कोणती बॅच कोणाच्या घरी गेली हे बिलावरूनच शोधायचं असतं. त्यानंतर मध्य प्रदेशात फर्मान निघालं की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणी औषध देताना दिसलं तर तीन महिने कैद किंवा दोन लाख दंड. सेंधवा आपल्यापासून लांब नाही. पळासनेरचा नाका ओलांडला की मध्य प्रदेश. तिथली भीती इथे यायला किती वेळ लागणार होता! ती आली, आणि तुम्ही तिचं उत्तर असं शोधलंत की एक पोरगी कागदावर बसवायची.

भीती वाटली तेव्हा तुम्हाला मी आठवले, याचं मी वाईट मानत नाही. माझा निम्माच भाग आठवला, ते लागलं. करोनाच्या साथीत २०२० साली सगळं गाव बंद असताना तुम्ही दुकान उघडं ठेवलंत, पायी गुजरातेतून येणाऱ्या मजुरांना उधारीवर गोळ्या दिल्यात, ते मी विसरलेले नाही. तसं वागणारा माणूस मला पाकिटावरच्या होलोग्रामसारखं वापरायला निघतो, हे पचत नाही.

माझं म्हणणं आता व्यवहारात सांगते, म्हणजे पुतण्याला परत निरोप पाठवायला सोपं जाईल.

सर्टिफिकेट मी देईन, पण माझ्यासोबत. सकाळी दुकान उघडल्यापासून सहापर्यंत मी काउंटरवर उभी राहीन. पांढरा एप्रन आणि नाव-नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावीन. २०१५ च्या विनियमांत ते आहेच, तुम्हाला वेगळा खर्च नाही. एच-वनचं रजिस्टर माझ्या अक्षरात राहील. क्षयरोगाचं औषध कोणी नेलं की २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे ती नोंद सरकारला कळवायची असते, ती मी कळवीन. सहानंतर दुकान उघडं ठेवायचं असेल तर दुसरा फार्मासिस्ट ठेवा. आमच्या वर्गात रिकामे बसलेले मुलगे आहेत, संध्याकाळची वेळ त्यांना चालते. ते जमत नसेल तर सहानंतर चिठ्ठीवरची औषधं देऊ नका. दादांना गोडाऊनमध्ये पाठवायचं बंद करा. मी असताना ते माझ्या शेजारी राजरोस उभे राहू शकतात, कायदा त्यांना अडवत नाही. दुपारच्या सुन्या वेळेत मी त्यांना शिकवीन, तुम्ही मला शिकवलंत तसंच. आणि तुमच्या संघटनेच्या बैठकीत कधी बोलायची वेळ आली तर दादांसारख्यांसाठी मराठीतून छोटा अभ्यासक्रम, परीक्षा आणि सहायक म्हणून नोंदणी मागा. ऑनलाइनवाल्यांविरुद्ध जेवढ्या जोराने बोलता तेवढ्याच जोराने मागा. संघटनेने जोर लावला तर ते होऊ शकेल, मी एकटी सांगून होणार नाही.

पगार तुम्ही ठरवा. घरबसल्या द्यायला काढला होतात त्यात थोडी भर घाला, मी जास्त ताणणार नाही.

हे पटलं नाही तर अंकलेश्वरला क्वालिटी कंट्रोलमध्ये एक जागा आहे, मैत्रिणीने सांगितली आहे. तिथे मी जाईन. पण शिरपूर सोडायची इच्छा नाही. मला इथल्या काउंटरवर उभं राहायचं होतं, म्हणूनच बी.एस्सी. न करता डी.फार्म केलं.

तुमची,
शिरपूरची एक नोंदणीकृत फार्मासिस्ट

ता. क. : मागच्या आठवड्यात आमच्या आजीच्या बीपीच्या गोळ्या तुमच्याकडूनच आणल्या. बिलावर खाली उजव्या कोपऱ्यात 'फार्मासिस्टची सही' असं छापलं आहे आणि त्यावर निळ्या शाईची एक गिचमिड आहे. ती सध्या कोणाची आहे, तेवढं कळवा.